पॅच आला, पण लावणार कोण?

शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५. दुपारचे सव्वादोन वाजून गेले होते. शेअर बाजार सुरू होता, आणि सकाळीच रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने उतरवून सव्वापाच टक्क्यांवर आणल्यामुळे व्यवहार करणारे मोबाइलला चिकटून बसले होते. तेवढ्यात झेरोधा, ग्रो ही शेअर खरेदी-विक्रीची ॲप अडखळली. कॉलेज रोडवर बसलेला नाशिककर असो की दलाल स्ट्रीटवरचा दलाल, दोघांचीही गत सारखीच. विकायचे आहे, पण पान उघडत नाही. पंचवीसेक मिनिटांनी सगळे पूर्ववत झाले. इंडिगोची शेकडो विमाने रद्द होऊन देशभर गोंधळ उडाल्याचा तोच दिवस. त्यामुळे ही बातमी आतल्या पानांत गेली आणि 'क्लाउडफ्लेअर बंद पडले होते' एवढेच लोकांच्या लक्षात राहिले.

ते बंद का पडले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. क्लाउडफ्लेअरवर कोणी हल्ला केला नव्हता. जगभरातील लाखो संकेतस्थळांच्या दारात उभा राहणारा हा पहारेकरी. येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेऊन मगच आत सोडणारा. त्या आठवड्यात एका नव्या धोक्यासाठी त्याला झडती अधिक कसून घ्यायची होती. आजवर तो येणाऱ्या मजकुराचे पहिले १२८ किलोबाइट तपासत असे. नव्या धोक्यासाठी ही मर्यादा एक मेगाबाइटपर्यंत वाढवायला घेतली. त्या कामात चाचणीचे एक अंतर्गत साधन आड आले, म्हणून ते बंद केले. आणि ते बंद करताच जुन्या प्रणालीतील, अनेक वर्षे कोणाच्या नजरेस न पडलेली एक चूक जागी झाली. क्लाउडफ्लेअरमार्फत जाणाऱ्या वाहतुकीपैकी सुमारे २८ टक्के वाहतुकीला त्याचा फटका बसला. चोराला अडवायला म्हणून कडी बदलायला घ्यावी आणि दारच अडकून बसावे, तसे झाले.

ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ चालली होती, तो धोका 'रिॲक्ट' नावाच्या गोष्टीत होता. आरोग्य आणि विज्ञानाच्या या स्तंभात संगणकातील ही भानगड कशाला, असे काहींना वाटेल. पण आज रक्ततपासणीचा अहवाल मोबाइलवर आलेल्या लिंकवर मिळतो, सोनोग्राफीची वेळ संकेतस्थळावर घेतली जाते, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी ॲपमध्ये सापडते. यातील बऱ्याच गोष्टी ज्या सांगाड्यावर उभ्या आहेत, त्या सांगाड्याच्या प्रकृतीची ही गोष्ट आहे.

संकेतस्थळ बांधणारा प्रोग्रामर प्रत्येक वीट स्वतः भाजत नाही. बटण दाबले की काय व्हावे, यादी कशी दिसावी, पान पुन्हा न उघडता आकडा कसा बदलावा, ही नेहमीची कामे करून ठेवलेला तयार संच तो घेतो. जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेले असे अनेक संच आहेत. फेसबुकमध्ये जन्मलेला आणि मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला रिॲक्ट हा त्यातील सर्वाधिक वापरला जाणाऱ्यांपैकी एक. व्हर्सेल या कंपनीचे 'नेक्स्ट' हे फ्रेमवर्क त्याच्यावरच उभे आहे. दोन्ही फुकट. पुणे, बेंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांपासून गंगापूर रोडवर दोन खोल्यांत चालणाऱ्या वेबसाइटच्या दुकानापर्यंत सगळीकडे तेच.

नाशिकच्या माणसाला हे द्राक्षाच्या भाषेत लवकर कळेल. निफाड-दिंडोरीकडच्या बागेत वर थॉमसन असते, सोनाका असते, काळे शरद असते. पण जमिनीखाली बहुतेक ठिकाणी खुंट डॉगरिजचा. गिऱ्हाईक मणी बघते, त्याची चव घेते. खुंट कोणता, हे विचारत नाही. फ्रेमवर्क हा संकेतस्थळाचा खुंट. वर दवाखाना असो, शाळा असो की पतसंस्था. खुंटच किडका निघाला तर वरचे वाण कोणते, याला अर्थ राहत नाही.

डिसेंबरात तेच घडले. पूर्वी रिॲक्टचे काम मुख्यतः तुमच्या मोबाइलवर, ब्राउझरमध्ये चालायचे. नव्या रचनेत त्याचा काही भाग दुसऱ्या टोकाला, म्हणजे सर्व्हरवर चालतो. पान लवकर उघडते, म्हणून प्रोग्रामरांना ही सोय आवडली. पण त्यासाठी ब्राउझरकडून आलेली गठडी सर्व्हरने सोडायची असते, आणि ती सोडताना आत काय आहे याची पुरेशी खात्री केली जात नव्हती. खास पद्धतीने बांधलेली एकच गठडी पाठवली की पाठवणाऱ्याला त्या सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवता येई. पासवर्ड लागत नव्हता, खाते लागत नव्हते, आतल्या कोणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवायचीही गरज नव्हती. प्रोग्रामरने काही वेगळे, चुकीचे केलेले असण्याचेही कारण नव्हते. नेक्स्ट जसे मिळते तसे वापरले असले तरी दार उघडेच होते. अशा त्रुटींना शून्य ते दहा गुण देतात. हिला दहापैकी दहा मिळाले. तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२५-५५१८२.

लॅक्लन डेव्हिडसन या संशोधकाने २९ नोव्हेंबरला ही त्रुटी रिॲक्टच्या चमूला गुपचूप कळवली. चमूने चार दिवसांत दुरुस्ती तयार केली, मोठ्या होस्टिंग कंपन्यांना आगाऊ सावध केले आणि ३ डिसेंबरला पॅच सर्वांसाठी जाहीर केला. इतक्या गुंतागुंतीच्या कामासाठी चार दिवस म्हणजे झटपटच. इथपर्यंत कोणालाही बोल लावावा असे काही नाही.

अडचण पुढची आहे. औषधाचा शोध लागला म्हणून जंतूला काही कळत नाही. पॅच मात्र जाहीर होताच चोरालाही कळतो. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवायची, काय बदलले ते बघायचे, की भगदाड कुठे होते ते दिसते. चीनशी संबंधित टोळ्यांनी जाहीर घोषणेनंतर काही तासांतच प्रयत्न सुरू केल्याचे ॲमेझॉनच्या सुरक्षा पथकाने नोंदवले. सुरुवातीला इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच 'किल्ल्या' चालतच नव्हत्या, तरी त्या जगभरच्या कुलपांत फिरवून पाहिल्या जात होत्या, हेही त्याच पथकाचे निरीक्षण. ४ डिसेंबरला खरी चालणारी किल्ली उघड झाली. ५ तारखेला अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने ही त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. ज्यांचे सर्व्हर हाती लागले त्यांतील अनेकांवर कूटचलन 'खणणारे' प्रोग्राम बसवले गेले. वीज तुमची, भाडे तुमचे, कमाई चोराची. यात निदान सर्व्हर मंदावतो आणि संशय तरी येतो. गुपचूप माहिती उचलून नेणारा तेवढाही माग ठेवत नाही.

हा वेग ध्यानात घेण्याजोगा आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हाहाकार उडवला, हजारो रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द झाल्या. तो ज्या भगदाडातून शिरला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने ५९ दिवस आधी दिलेला होता. त्यानंतर दीड महिन्याने त्याच भगदाडाचा वापर करणारा 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतील एक टर्मिनल त्याने ठप्प केले. नाशिकचा कांदा नि द्राक्षे जिथून परदेशी जातात ते हेच बंदर. त्या वेळी पॅच लावायला दोन-तीन महिने मिळाले होते आणि तेही वाया घालवले गेले. आता मोजणी तासांवर आली आहे. 'शनिवार-रविवारी बघू' या शब्दांना २०१७ मध्ये फारसा धोका नव्हता. आता तो आहे.

बरे, ३ डिसेंबरचा पॅच लावला म्हणजे सुटलो, असेही झाले नाही. एक भगदाड सापडल्यावर जगभरचे संशोधक त्याच भिंतीवर टकटक करू लागले. ११ डिसेंबरला त्याच भागात आणखी दोन त्रुटी जाहीर झाल्या. एकीने सर्व्हर लोंबकळत ठेवता येत होता, दुसरीने आतल्या प्रोग्रामचा मजकूर बाहेर काढता येत होता. त्यांच्यासाठी दिलेली दुरुस्तीही अपुरी ठरली आणि तिची पुन्हा दुरुस्ती करावी लागली. म्हणजे ४ तारखेला रात्र जागून काम संपवलेल्या माणसाला आठवड्याने पुन्हा बसणे भाग होते. हे रिॲक्टचेच वैशिष्ट्य नाही. डिसेंबर २०२१ मधील 'लॉगफोरजे' प्रकरणातही पॅचमागून पॅच आले होते. पावसाळी हवेत डाउनीची एक फवारणी करून कोणताही बागाईतदार घरी झोपत नाही. पण संकेतस्थळाच्या बाबतीत आपण तेच करतो.

मग आलेले प्रत्येक अपडेट डोळे मिटून लगेच चढवावे का? इथे सल्ला देणाऱ्यांची पंचाईत होते, कारण त्याच वर्षाच्या सप्टेंबरात नेमका उलटा धडा मिळाला होता. जावास्क्रिप्टचे हे तयार संच 'एनपीएम' नावाच्या एका सामायिक कोठारातून उतरवले जातात. ८ सप्टेंबर २०२५ ला त्या कोठारातील 'चॉक', 'डीबग' यांसारख्या अठरा संचांच्या नव्या आवृत्त्यांत कूटचलनाचे पैसे परस्पर वळवणारा मजकूर घुसवला गेला. सांभाळणाऱ्या प्रोग्रामरला कोठाराच्या नावाने बनावट ईमेल आली आणि तो फसला. एवढेच. या संचांची आठवड्याला एकत्रित दोन अब्जांहून अधिक वेळा उतरवणी होते. प्रकार सुमारे दोन तासांत उघडकीस आला, पण त्या दोन तासांत ज्यांनी तत्परतेने 'ताजी' आवृत्ती घेतली, त्यांनीच विष घरात आणले.

सप्टेंबर म्हणतो थांबा, डिसेंबर म्हणतो धावा. माझ्या मते दोन्ही खरे आहेत आणि फरक अपडेटच्या कारणात आहे. नवे बटण, नवा रंग, थोडा अधिक वेग यासाठी आलेले अपडेट आठवडाभर मुरू द्यावे. आता काही साधनांत 'अमुक दिवस जुनी झालेलीच आवृत्ती घे' अशी अट घालण्याची सोयही आली आहे. पण सांगाडा बनवणाऱ्यांनी स्वतः 'सुरक्षेसाठी तातडीने' असे जाहीर केले असेल, तर त्याच दिवशी. हा फरक मात्र यंत्राला कळत नाही. ती घोषणा वाचणारा कोणीतरी माणूस लागतो, आणि आपल्याकडे नेमका तोच नसतो.

ओळखीच्या एका डॉक्टरांना मी सहज विचारले, की तुमच्या दवाखान्याचे संकेतस्थळ कशावर चालते? वेळ घेणे, जुने अहवाल बघणे, सगळे त्यावर आहे. ते म्हणाले, "भाच्याच्या मित्राने करून दिलंय. छान केलंय. तो आता बेंगळुरूला असतो." सर्व्हर कुठे आहे? "त्यालाच माहीत." वर्षाला काही देखभालीचा करार? डॉक्टर हसले. त्यांच्या एक्स-रे यंत्राचा एएमसी आहे, जनरेटरचा आहे, प्रतीक्षागृहातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचाही आहे. रुग्णांची नावे, फोन, आजार ज्यात भरलेत, त्याचा नाही.

डॉक्टरांना दोष देऊन काय उपयोग? संकेतस्थळ हे आपल्याकडे बोर्ड रंगवून घेतल्यासारखे करून घेतले जाते. एकदा पैसे दिले, लागले, झाले. करून देणाऱ्यालाही पुढचे काम मिळवायचे असते. मार्च २०२५ मध्ये नेक्स्टमध्येच आणखी एक भगदाड सापडले होते. विनंतीसोबत एक विशिष्ट ओळ जोडली, की 'लॉगिन केले आहे का' ही तपासणीच वगळली जायची. तेव्हा व्हर्सेलच्या स्वतःच्या होस्टिंगवर असलेली संकेतस्थळे वाचली. महिन्याला थोडके पैसे भरून भाड्याच्या सर्व्हरवर स्वतः मांडामांड केलेली उघडी राहिली. स्वस्त पडते म्हणून छोटे व्यावसायिक हीच दुसरी वाट धरतात.

यावर एक टोमणा ऐकू येतो. आमचे संकेतस्थळ जुने आहे, त्याला काही झाले नाही! खरे आहे. डिसेंबरातील त्रुटी रिॲक्टच्या १९व्या आवृत्तीच्या सर्व्हरवरील भागात होती. ती आवृत्ती ५ डिसेंबर २०२४ ला पक्की म्हणून बाहेर आली होती, म्हणजे झेरोधा अडखळली तो तिचा पहिला वाढदिवस. फक्त ब्राउझरमध्ये चालणारी जुनी बांधणी या वेळी वाचली. पण गोवराची साथ आली तेव्हा आपल्याला मलेरिया झाला नाही, म्हणून कोणी मच्छरदाणी टाकून देत नाही. गुगलच्या 'अँग्युलरजेएस' या एकेकाळच्या लाडक्या फ्रेमवर्कचे पॅच डिसेंबर २०२१ अखेर थांबले. त्यावर बांधलेली कितीतरी पोर्टल आजही चालू आहेत. तिथे नवे भगदाड सापडले तर मूळ निर्मात्यांकडून दुरुस्ती येणारच नाही. नवीन अँग्युलरवर जायचे तर जवळजवळ सगळे पुन्हा लिहावे लागते. खुंट बदलायचा म्हणजे बाग काढून नव्याने लावायची, हे नाशिकला वेगळे सांगायला नको.

कायदाही आता दारात येऊन उभा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. एवढा दंड छोट्या दवाखान्याला होणार नाही हे उघड आहे; पण जबाबदारी संकेतस्थळ बनवून देणाऱ्या पोराची नव्हे, तर माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची, हे कायद्यात स्पष्ट आहे. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचा आदेश तर २०२२ पासूनच आहे. किती जणांना तो ठाऊक आहे, हा प्रश्न आपल्या ओळखीच्या कुठल्याही संस्थेच्या कार्यालयात विचारून पाहावा.

नाशिकसाठी मे २०२७ या तारखेला आणखी एक अर्थ आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. मधल्या काळात या शहरात किती संकेतस्थळे उगवतील याची कल्पना करा. निवास, वाहने, पूजा, पार्किंग, हरवलेल्यांचा शोध, तात्पुरते दवाखाने, स्वयंसेवकांची नोंदणी. काही सरकारी, बरीच खासगी, आणि जवळजवळ सगळी घाईत. प्रयागराजला २०२५ च्या कुंभात बनावट आरक्षण संकेतस्थळांनी भाविकांना लुबाडले, पोलिसांनी काहींना पकडलेही. त्यामुळे बनावट संकेतस्थळांबद्दल इथेही सावधगिरी बाळगली जाईल. मला काळजी वाटते ती खऱ्यांची. अस्सल संस्थेचे, अस्सल पत्त्यावरचे, आधारचा फोटो आणि फोन क्रमांक मागणारे, आणि डिसेंबरातील पॅच न लावलेले. अशा ठिकाणाहून माहिती गेली तर भाविकाची चूक काय? आणि सप्टेंबर २०२७ नंतर, साधू परतल्यावर, ही संकेतस्थळे कोण बंद करणार? सोडून दिलेल्या मांडवाला बांबूचोर तरी लवकर मोकळे करतो. सोडून दिलेला सर्व्हर भरलेल्या माहितीसह वर्षानुवर्षे तसाच चालू राहतो.

काम देणाऱ्याने चार प्रश्न विचारले तरी बराच फरक पडेल, आणि त्यासाठी संगणक शिकावा लागत नाही. सांगाडा कोणता आणि त्याची आवृत्ती किती? सुरक्षेची घोषणा आली तर ती कोणाच्या ईमेलवर येते? तो रजेवर असेल तर दुसरा कोण? सर्व्हरचा ताबा कोणाच्या नावावर आहे? आणि ज्यांचे संकेतस्थळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅचविना उघडे होते त्यांच्यासाठी पाचवा: पॅच लावल्यावर आतल्या किल्ल्या, म्हणजे डेटाबेसचे पासवर्ड, पेमेंटची गुप्त अक्षरे, बदलल्या का? चोर आत येऊन गेला असेल तर कुलूप बदलून भागत नाही. त्याने किल्ल्यांचे ठसे घेतलेले असू शकतात. निविदा काढणाऱ्या सरकारी कार्यालयांनी 'तातडीचा सुरक्षा पॅच चोवीस तासांत' अशी अट आणि तिचे पैसे दोन्ही करारात घालावेत. अट असते, पैसे नसतात, हा आपला जुना अनुभव.

त्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच बेंगळुरूला फोन लावला. पोरगा हुशार निघाला. ५ डिसेंबरला संध्याकाळी ऑफिसचे काम आटोपल्यावर त्याने आठवणीने पॅच चढवला होता, कोणी न सांगता. ११ तारखेच्या दुसऱ्या पॅचबद्दल मात्र त्याच्या कानावर काही आले नव्हते. किल्ल्या बदलण्याचे राहूनच गेले होते. "आज रात्री करतो काका," तो म्हणाला. डॉक्टरांनी विचारले, वर्षभर हे सगळे बघायचे तर तू किती घेशील? पलीकडे जरा शांतता झाली. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता, त्यामुळे आकडा त्याच्याकडेही नव्हता.